विहीणबाई, आता माझे हात बघा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

चारकोप, सेक्टर तीन
रविवार, दुपारची जेवणं आटपून

सौ. शालन विहीणबाई यांना सुगंधाचा नमस्कार. हा नमस्कार दोन्ही हात जोडून, आणि हात पदराच्या बाहेर काढून केलेला आहे. कागदावर ते दिसणार नाही म्हणून लिहून कळवते. व्याहीबुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे जावईबुवांकडून, सुबोधरावांकडून कळलं, जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, पट्टी निघाली म्हणून लगेच पेपर घेऊन बसू नका, पेपरात बघण्यासारखं काही नाही. तुमची शुगर कशी आहे? भात कमी केलात का? मानसीच्या पायांवर सूज आहे म्हणे, तिला दुपारी पाय उशीवर ठेवून झोपवा, ऐकणार नाही, पण तुम्ही म्हणालात तर ऐकेल. (माझं ती जन्मल्यापासून ऐकत नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे, तो थांबला तर मलाच घरात चुकल्यासारखं होईल. हर्षद आणि समीक्षा आपापल्या ऑफिसात, नात जान्हवी तिच्या कॉलेजात आणि मोबाईलात.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल की ही बाई फोन का करत नाही. तर फोनवर बोलायला गेलं की तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो, आमच्याकडेही असतो, आणि दोन्हीकडची मिळून सात माणसं ऐकतात. मग मी फक्त जेवलात का एवढंच विचारते आणि तुम्ही हो म्हणता. जान्हवी म्हणाली, आजी, तू बोल, मी मोबाईलवर टाइप करते. म्हटलं नको गं बाई, ते तुमचं एका ठिकाणी टाकलेलं दहा ठिकाणी उगवतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आहे म्हणून कागद जास्त लागतील, पण तुमचाही चष्मा जाडच आहे, तेव्हा जमून जाईल. एक विनंती, हे एकटीने वाचा. मानसीला नंतर दाखवलंत तर चालेल. तुमच्या धाकट्या जाऊबाईंना नको.

आता हातांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे. गेल्या नोव्हेंबरात डाव्या मनगटावर आठ आण्याएवढा लाल चट्टा उठला. म्हटलं डास चावला असेल. मग उजव्या मनगटावर उठला. मग संक्रांतीपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत असे झाले की भाजलेला पापड बरा. खाज तर अशी की भाजी चिरताना सुरी ठेवून खाजवायचं आणि खाजवता खाजवता भाजी कुठली करायची होती ते विसरायचं. कडुलिंबाच्या पाण्याने धुतले, खोबरेलात कापूर घालून चोळला, आमसुलं भिजवून ते पाणी लावलं. (आमच्या कोकणात अंगावर काही उठलं की आधी आमसूल, मग देव, मग डॉक्टर.) स्टेशनजवळच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब दिली आणि दोन महिने न चुकता लावा म्हणाल्या. मी बारा दिवस लावली, खाज थांबली, म्हणून मीही थांबले. पुढच्या महिन्यात चट्टे दुप्पट होऊन परत आले. चूक माझीच, पण तेव्हा मी ती डॉक्टरीणबाईंच्या नावावर घातली होती आणि तीन महिने त्यांच्या पायरीकडे फिरकले नव्हते. मासे सोडा असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नव्हत्या, पण बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस म्हणाला, लिफ्टच्या दुरुस्तीला आलेला माणूससुद्धा म्हणाला. म्हणून पाच महिने मी बांगडा तोंडाला लावला नाही. हे माझ्यासमोर बसून खायचे, काटा काढताना माझ्याकडे बघून उसासा टाकायचे आणि दुसरा वाढून घ्यायचे.

पण विहीणबाई, मला बांगड्याचं दुःख नव्हतं. मानसीला आठ वर्षांनी दिवस गेले. त्या आठ वर्षांत तुम्ही तिला एका शब्दाने टोचलं नाहीत, हे मी कधी बोलून दाखवलं नसेल, पण रोज देवापुढे उभी राहिले की आधी तुमचं नाव घेते, मग ह्यांचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. समीक्षाला आई नव्हती म्हणून जान्हवीला मीच सव्वा महिना न्हाऊ घातलं होतं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायांवर बाळ घ्यायचं, टाळूवर तेल जिरवायचं, मग एकेक पाय, एकेक बोट. ते काम ह्या हातांना येतं. दुसरं फारसं काही येत नाही. मानसीचं कळल्या दिवसापासून माझ्या मनात तेवढंच होतं, की तिचं बाळ माझ्या ह्याच हातांखालून जायचं. आणि नेमके हातच असे झाले की मला स्वतःला ते कोणाच्या अंगाला लावायची लाज वाटावी.

मे महिन्यात डोहाळजेवणाला मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज शिवून घालून आले ते तुम्हाला आठवत असेल. लोकांना वाटलं नवीन फॅशन. त्या उकाड्यात मी आतून शिजत होते. ओटी भरायला पुढे वाकले, बाही वर सरकली, आणि तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी मानसीला खांद्याला धरून थोडंसं मागे घेतलं. थोडंसंच. ते मी बघितलं, तुम्हीही बघितलंत. मग तुम्ही मला आइस्क्रीमच्या टेबलामागे नेऊन म्हणालात की सुगंधाताई, तुम्हालाच बरं नाही, दगदग नको, बाळंतपण आमच्याकडे नाहूरलाच होऊ द्या. आणि तसंच बोलता बोलता आमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक नंबर लिहून दिलात, की चिनी पद्धतीचा इलाज आहे, माझ्या भिशीतल्या बाईंच्या बहिणीची टाच तिथे बरी झाली. मी हसून मान हलवली. मनात म्हटलं, एका हाताने बाळ काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने टाचेचा डॉक्टर दिला. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. (ह्यांच्या ते लक्षात आलं नाही.) घरी आल्यावर मात्र बोलले. आता मला चीनला पाठवायला निघाल्यात, म्हटलं, चिनी माल किती दिवस टिकतो ते ठाऊक नाही त्यांना. तुमच्याबद्दल आणखीही पुष्कळ बोलले. ते इथे लिहीत नाही, कारण ते सगळं मी मागे घेतलेलं आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

तो पत्रिकेचा तुकडा आठ दिवस देवाच्या फोटोमागे खोचलेला होता. जान्हवीने नंबर लावला तर काय, माणूस चारकोपचाच! आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आम्ही बोरिवलीपासून वांद्र्यापर्यंत डॉक्टर धुंडाळले आणि हा माणूस आमच्या पिठाच्या गिरणीच्या मागे बसलेला. पत्ता नाहूरहून यावा लागला! दुसऱ्या मजल्यावर गाळा, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. नाव भीमराज सर. सर एवढ्यासाठी की आधी म्युनिसिपालटीच्या शाळेत पीटी शिकवायचे, अजून गळ्यात शिट्टी आहे. कधी काळी शाळेची मुलं घेऊन कोलकात्याला खेळांना गेले, तिथे यांचाच पाय मुरगळला, आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याने दाबून दाबून दोन दिवसांत चालता केला. तेव्हापासून बारा वर्षं दर सुट्टीत हे त्याच्याकडे शिकायला जात होते. म्हणजे गुरू अस्सल चिनी, शिष्य अस्सल घाटावरचा, आणि रोगी मी मालवणी.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, मावशी, जीभ काढा. विहीणबाई, जन्मभर मला सगळ्यांनी जीभ आत ठेवायला सांगितलं, बाहेर काढा म्हणणारा हा पहिलाच भेटला. मी चांगली मोठी काढली. सरांनी बॅटरी मारून बघितली, मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसले. चट्ट्यांवरच बोटं ठेवली बरं का. हात आखडता घेतला नाही, कपडा मध्ये धरला नाही. औषध मिळायच्या आधी मला तिथेच अर्धं बरं वाटलं. मग म्हणाले, अंगात वारा आणि उष्णता अडकलीय. म्हटलं सर, उष्णता असेल, पण वारा? आमच्या खिडकीसमोर तो बावीस मजली टॉवर उभा राहिल्यापासून सेक्टर तीनमध्ये वारा येतच नाही, अंगात कुठून शिरेल? सर हसले आणि त्यांनी माझ्या कोपराच्या घडीत एका लाकडी काडीने असं दाबलं की मी ओरडले, आणि खालचं खोक्यांचं मशीन थांबलं. खालून एकाने वर येऊन विचारलं, सर, सगळं ठीक ना? सर म्हणाले, ठीक आहे, वारा निघतोय.

दाबायच्या जागा त्यांनी कोपरात, गुडघ्याच्या वर, हाताच्या अंगठ्याजवळ अशा दाखवल्या आणि घरी रोज दोनदा दाबायला सांगितल्या. त्या जागा दाबल्या की खरंच खाज उतरायची. का उतरायची ते मला विचारू नका, दुखण्याने खाज विसरायला होतं असं हे म्हणतात, पण ह्यांना कधी खाज आलेली नाही. शिवाय बोटांवर मेथीचे दाणे चिकटपट्टीने लावून दिले, की येता जाता दाबत राहा, आणि संध्याकाळी काढून टाका. आता मला एवढं बरं वाटलं होतं की मी म्हटलं, चांगली गोष्ट संध्याकाळी कशाला काढायची? ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. पावसाळी हवा, त्यात माझे हात अर्धा दिवस पाण्यात. चौथ्या दिवशी सकाळी चहा देताना हे कप तसाच धरून ओरडले, गो, तुझ्या हातार भाजी उगावली! बघते तर चिकटपट्टीच्या कडेने पांढरे हिरवे कोंब. जान्हवीने फोटो काढून कुठे कुठे पाठवला, मानसीलाही आला असेल, तर तो फोटो पालेभाजीचा नसून माझ्या अनामिकेचा आहे. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, मावशी, तीस वर्षं झाली हा धंदा करतोय, पीक पहिल्यांदाच आलं.

मग आला काढा. रोजची एक पुडी, तीन पेले पाण्यात टाकून एक पेला उरेपर्यंत आटवायची. पुड्या कोलकात्याहून येतात. वास कसा होता ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. जुन्या गोणपाटात कोणीतरी ओलं लाकूड गुंडाळून त्यावर रागावलेला बोकड बांधावा, तसं काहीतरी. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी धवल (गुजराती आहे, समोरच्याच दारात राहतो, कांदाही न खाणारी माणसं) गेली अकरा वर्षं मी सुकट भाजली की खिडक्या आपटतो. तिसऱ्या दिवशी तो दार वाजवून उभा राहिला. मी तयारीतच होते, कंबरेला पदर खोचलेला. तर बिचारा नाकाला रुमाल धरून हात जोडून म्हणतो, आजी, प्लीज, तुम्ही सुकट भाजा ना. त्याला आत बोलावून मी हात दाखवले, बाळाचं सांगितलं. तेव्हापासून त्याची आई काढ्याच्या वेळेला स्वतःहून दाराबाहेर दोन उदबत्त्या लावून ठेवते. अकरा वर्षांत त्या घरातून आमच्याकडे पहिल्यांदाच काही चांगलं आलं, तेही वास मारायला. पण आलं.

आता जे सांगते ते वाचून मला हसा, पण रागावू नका. मी पुडी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत काड्या, साली, मुळांच्या चकत्या, कसल्यातरी पिवळ्या पाकळ्या, आणि किडे. अहो खरंच किडे. भुऱ्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे, पाय असलेले, डोळे असलेले. म्हटलं बरोबर आहे, कोलकाता काय जवळ आहे, माल येईपर्यंत कीड लागणारच. आपण काय तांदळाला कीड लागली म्हणून तांदूळ टाकतो? मी सूप घेतलं आणि पुडी निवडायला बसले. किडे काढले. काड्या कडक होत्या त्या काढल्या. एक लाकडाचा तुकडा होता, तो कोणाच्या खाटेचा तुटून पडला असेल म्हणून काढला. मग पाखडलं, फोलपटं उडाली. राहिलं ते स्वच्छ, बघत राहावं असं. ते उकळून प्यायले. असं रोज, चौदा दिवस. किडे मात्र फेकले नाहीत, एका डबीत जमवून ठेवले. सरांना घालून पाडून बोलायला नव्हे हं, त्यांनी व्यापाऱ्याला दाखवावेत म्हणून. चांगला माणूस आहे, कोणी त्याला खराब माल गळ्यात मारतंय, आपण सांगायला नको?

चौदा दिवसांनी सरांनी हात बघितले, जीभ बघितली, परत हात बघितले. म्हणाले, मावशी, एवढ्यात थोडा तरी फरक दिसायला हवा होता, काढा वेळेवर घेता ना? म्हटलं घेते की, आणि निवडून, पाखडून घेते. आणि सगळ्या रोग्यांच्या देखत डबी उघडून त्यांच्या टेबलावर उपडी केली. सरांनी एक किडा उचलून तळहातावर ठेवला आणि म्हणाले, मावशी, खाजेचं औषध हेच होतं. मी म्हटलं, मग मी चौदा दिवस प्यायले ते काय होतं? म्हणाले, ते ह्याच्या सोबतीला होतं. पलीकडच्या बाकावर एक कंबरदुखीचे गृहस्थ होते, त्यांना एवढं हसू आलं की कंबर धरून खालीच बसले. मला मात्र रडू आलं. विहीणबाई, मे महिना संपला होता, बाळाची तारीख जवळ येत होती, आणि मी स्वतःच्या हाताने चौदा दिवस पाखडून उडवून दिले होते. सरांना सगळं सांगितलं. तुमचं टेबलामागचं बोलणंही सांगितलं. सर म्हणाले, तुमच्या विहीणबाईंनी नंबर दिला ना? ज्या बाईला तुम्ही यायला नको असता ती नंबर कशाला देईल? घरी चालत येताना पंधरा मिनिटं मी तेवढंच चघळत होते.

हां, तर किडा. किडा म्हणजे जीव नव्हे म्हणे, झाडावरच्या किड्याने टाकलेली कात. गावी आम्ही लहानपणी झाडाच्या सालीवरून ती काढून झग्याला बिल्ल्यासारखी लावायचो, आणि म्हातारपणी ओळखली नाही बघा. तरी मी विचारून घेतलं, की सर, मी सोमवार करते, जीव मारून केलेलं असेल तर सोमवारचं घेणार नाही. सर म्हणाले, मावशी, तो जिवंत आहे, फक्त कपडे बदलून पुढे गेलाय. म्हटलं मग हरकत नाही, कपडे उकळून प्यायला सोमवार कशाला आडवा येतो. (धवलच्या आईने मध्यंतरी पुडीत काय काय असतं ते विचारलं होतं. मी पिवळ्या पाकळ्यांचं सांगितलं.) तेव्हापासून न निवडता, न पाखडता, डोळे मिटून घेतला. पहिल्या दिवशी पेल्याच्या तळाशी एक पाय दिसला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझी कातडी सुटली तशी माझीही सुटू दे, आणि गिळला.

त्याच दिवशी सरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मोठी. म्हणाले, स्किनच्या डॉक्टरांची ट्यूब कुठवर आली? मी खरं ते सांगितलं. तेव्हा पीटीच्या सरांसारखे ओरडले, शिट्टीच वाजवायची बाकी होती. माझं मी करतो, त्यांचं त्यांना करू द्या, म्हणाले, आज संध्याकाळी जाऊन त्यांना भेटा आणि हा काढा घेते तेही सांगा, लपवू नका. गेले. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं, रागावल्या, रक्त तपासून घेतलं, पुड्या बघून कपाळाला आठी घातली, पण शेवटी म्हणाल्या, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं आणि ट्यूब पूर्ण करायची, आणि साबणाचं पाणी हाताला बिलकूल लावायचं नाही. आता आमच्याकडे भांडी कोण घासणार? समीक्षा आठला निघते. तर विहीणबाई, हे घासतात! पंचेचाळीस वर्षं संसार झाला, मिलच्या संपात घरी बसले होते तेव्हाही ज्या माणसाने पेला विसळला नाही, तो माणूस सिंकपाशी उभा राहून भजनाचा गजर म्हणत कढया घासतो. एका आठवड्यात दोन बशा फुटल्या. मी एक शब्द बोलले नाही. फुटोत.

आणि हातांवरचं उतरायला लागलं. आधी खाज गेली, मग लाली, मग वरचा कोंडा, आणि हात स्वच्छ झाले. आता बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला वाटतं की आपल्यामुळे. डॉक्टरीणबाई म्हणतात ट्यूब. सर म्हणतात कात आणि कोपर. समीक्षाने एक बिनवासाचा साबण आणून ठेवला होता, तिला वाटतं तो. हे म्हणतात, भांडी. धवलची आई म्हणते, उदबत्ती. मी सगळ्यांना हो म्हटलं. सगळ्यांचे उपकार आहेत, कोणा एकाला मान देऊन बाकीच्यांना कशाला नाराज करू? बांगडाही सुरू केला, त्याच्याने काही झालं नाही, पाच महिने उगाच त्या बिचाऱ्याचं नाव बदनाम केलं. काल डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, की हा आजार दुसऱ्याला लागणारा नाही, आधीही नव्हता. ती चिठ्ठी ह्या पत्रासोबत ठेवली आहे. इंग्रजीत आहे, सुबोधरावांकडून वाचून घ्या, आणि जमल्यास धाकट्या जाऊबाईंच्या समोर मोठ्याने वाचून घ्या.

पण सगळ्यांत आधी उपकार तुमचे. तो नंबर तुम्ही दिला नसतात तर मी अजून आमसूल लावत बसले असते. मी त्याचा उलटा अर्थ घेतला, माझ्या लेकीला जपणाऱ्या तुम्हाला मी दोन महिने मनातून वाईट समजले, त्याबद्दल मोठ्या मनाने माफ करा. बाकी काही नाही. मानसीला गोड पापा, व्याहीबुवांना नमस्कार, सुबोधरावांना आशीर्वाद, आणि पोटातल्याला आजीने विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
सुगंधा

ता. क. हातांबद्दल लिहिता लिहिता पत्र कशासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. मुलुंडच्या हॉस्पिटलात नाव घातलंय ते तसंच राहू दे, नवव्या महिन्यात तिला हलवू नका. पण हॉस्पिटलातून बाळ आणि मानसी सव्वा महिना चारकोपला पाठवा. रागाने म्हणत नाही, हक्काने म्हणत नाही, मागते आहे. वेखंड आणलंय, धुरीच्या शेणी आणल्यात, मऊ सुती साड्या फाडून लंगोट शिवलेत (अठ्ठावीस झालेत, हे म्हणतात शाळा काढणार आहेस का).

दुसरा ता. क. आणखी एक, मला खोटं बोलून बाळ न्यायचं नाही. वर मी हात स्वच्छ झाले असं लिहिलं ते कोपराच्या खालचं. डाव्या कोपराच्या मागे रुपयाएवढा एक चट्टा अजून आहे. सर म्हणतात जाईल, डॉक्टरीणबाई म्हणतात कदाचित राहील, येत जात राहील. पण विहीणबाई, बाळाला कोणी कोपराने तेल लावत नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. काल सराव म्हणून पाटावर पाय लांब करून बसले, पायांवर उशी घेतली, उशीला तेल लावल्यासारखं केलं, हात अगदी पूर्वीसारखे चालले. पण मग उठताच येईना. गुडघे! सरांना गुडघ्यांबद्दल मी अजून सांगितलेलंच नाही, एका वेळी किती सांगायचं. ह्यांना हाक मारली तर हे मला उठवायला खाली वाकले आणि तेही तिथेच बसले, दोघांना जान्हवी कॉलेजातून आल्यावर उठवलं. दिवसभर घरात दुसरं कोणी नसतं. तेव्हा मानसी आणि बाळासोबत तुम्हीही सव्वा महिना चारकोपला या. मी तेल लावीन, तुम्ही पाणी घाला, बाळ पुसायला तुम्ही घ्या, आणि मग मला हात देऊन उठवा. व्याहीबुवा इथे येऊन ह्यांच्याबरोबर भांडी विसळतील, त्यांचेही डोळे आता चांगले झालेत. सुबोधरावांच्या हाती डिंकाच्या लाडवांचा डबा देते आहे. डबा परत कराल तेव्हा तुम्ही तो रिकामा पाठवणार नाही, हे मला माहीत आहे. साखर, शेंगदाणे काही घालू नका. कागदाच्या तुकड्यावर कोणत्या तारखेला येताय तेवढं लिहून घाला.